तीन ग्रहांचे सात कसे झाले: ट्रॅपिस्ट-१ चा प्रकरण अभ्यास

मे २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये मिकाएल जिलाँ आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. कुंभ राशीतल्या ट्रॅपिस्ट-१ या अतिथंड बटू ताऱ्याभोवती तीन ग्रह सापडले होते. पहिल्या दोघांचे प्रदक्षिणाकाळ पक्के होते, तिसऱ्याचा मात्र ४.५ दिवसांपासून ७३ दिवसांपर्यंत काहीही असू शकत होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच ताऱ्याभोवती सात ग्रह जाहीर झाले आणि आधीच्या यादीतला तो तिसरा ग्रह, जसा मांडला होता तसा, अस्तित्वातच नव्हता असे निघाले. या नऊ महिन्यांत दुर्बिणीचा आरसा मोठा झाला म्हणून ग्रह वाढले नाहीत. निरीक्षणातला खंड मिटला म्हणून वाढले. अतिथंड ताऱ्यांभोवती ग्रह शोधणाऱ्याने हे प्रकरण नीट उलगडून पाहावे ते यासाठी.

तारा कसा आहे

ट्रॅपिस्ट-१ सुमारे ४०.७ प्रकाशवर्षांवर आहे. वर्णपटीय प्रकार एम८ (एम म्हणजे थंड, लाल तारे). वस्तुमान सूर्याच्या ०.०९ पट, त्रिज्या ०.११९ पट, म्हणजे आकाराने गुरूपेक्षा किंचितच मोठा. पृष्ठभागाचे तापमान सुमारे २,५६६ केल्विन आणि दीप्ती सूर्याच्या साधारण १,८०० व्या भागाइतकी.

या तापमानाला प्रारणाचा कळस १.१ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अवरक्तात येतो. परिणाम असा की दृश्य पट्ट्यात (व्ही) याची प्रत १८.८ आहे (आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक), अवरक्ताकडच्या ‘आय’ पट्ट्यात सुमारे १४ आणि त्याहून लांब तरंगलांबीच्या ‘जे’ पट्ट्यात ११.३५. व्हीपासून आयपर्यंत येतानाच तारा सुमारे ८० पट उजळतो. चुकीचा फिल्टर लावून या ताऱ्याकडे बघणे म्हणजे मिळणारे फोटॉन स्वतःच्या हाताने फेकून देणे.

अधिक्रमणच का

हिशेब सरळ आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, म्हणजे अधिक्रमणात, प्रकाश किती घटतो ते दोघांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरते. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर घट ०.००८४ टक्के. तोच ग्रह ट्रॅपिस्ट-१ समोरून गेला तर ०.५९ टक्के, म्हणजे ७० पट. जमिनीवरच्या दुर्बिणीला पहिली घट जवळजवळ अशक्य, दुसरी आटोक्यातली.

अधिक्रमण दिसण्याची शक्यता ताऱ्याची त्रिज्या भागिले कक्षेची त्रिज्या इतकी असते. इथल्या सर्वांत आतल्या ‘बी’ ग्रहासाठी (०.०११५ खगोलीय एकक; एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर) ती ४.८ टक्के येते, ‘ई’साठी १.९ टक्के, सर्वांत बाहेरच्या ‘एच’साठी ०.९ टक्के. सूर्य-पृथ्वीसाठी ती ०.४७ टक्के आहे. हे ग्रह ज्या ट्रॅपिस्ट दुर्बिणीने शोधले तिच्या सर्वेक्षणात असे सुमारे ५० तारे होते. प्रत्येकाला एक जवळचा ग्रह आहे असे उदारपणे धरले तरी दोन-अडीच ताऱ्यांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवता येत नाही. नकारात्मक निकाल आला असता तर त्यातून ‘असे ग्रह नसतात’ हा निष्कर्ष अजिबात काढता आला नसता.

दुसरा मार्ग त्रिज्यावेगाचा, म्हणजे ग्रहाच्या ओढीने तारा आपल्या दिशेने किती वेगाने पुढेमागे हलतो ते मोजण्याचा. ‘बी’मुळे तारा सेकंदाला सुमारे ३.८ मीटर वेगाने पुढेमागे होतो. ऐकायला हे मोजण्याजोगे वाटते, कारण पृथ्वी सूर्याला सेकंदाला फक्त ९ सेंटीमीटर हलवते. पण हे मोजायला उच्च विभेदनाचा वर्णपट लागतो, आणि १८.८ प्रतीच्या ताऱ्याकडून दृश्य प्रकाशात तो मिळत नाही. टीगार्डनचा तारा (एम७, १२.५ प्रकाशवर्षे) बराच जवळ असल्याने तिथे कार्मेनेस उपकरणाला २०१९ मध्ये याच पद्धतीने दोन ग्रह मिळाले. ट्रॅपिस्ट-१ साठी २०१५ मध्ये हा मार्ग व्यवहार्य नव्हता.

सामग्री आणि रात्रीचे काम

दुर्बीण होती चिलीतल्या ला सिया वेधशाळेतली ट्रॅपिस्ट-साउथ, बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाची. आरसा फक्त ६० सेंटीमीटर. २के × २के पिक्सेलचा सीसीडी (प्रकाश टिपणारा सिलिकॉनचा संवेदक), प्रति पिक्सेल ०.६४ कोनीय सेकंद, सुमारे २२ × २२ कोनीय मिनिटांचे क्षेत्र. फिल्टर ‘आय+झेड’, जो ७५० नॅनोमीटरपासून पुढचा प्रकाश सोडतो. पलीकडची मर्यादा सिलिकॉनच आखून देतो. एक्सपोजर ५५ सेकंदांचे. १७ सप्टेंबर ते २८ डिसेंबर २०१५ या काळात ६२ रात्रींत २४५ तास निरीक्षण झाले, म्हणजे रात्रीला सरासरी चार तास. तारा सप्टेंबरच्या सुरुवातीला आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो. तेव्हा तो रात्रभर मिळतो, डिसेंबर संपताना संध्याकाळचे जेमतेम काही तास.

क्षेत्र मोठे असण्याला इथे फार किंमत आहे. मोजमाप नेहमी सापेक्ष असते: लक्ष्य ताऱ्याची दीप्ती भागिले त्याच चौकटीतल्या तुलना-ताऱ्यांची एकत्रित दीप्ती. चौकट मोठी तर तुलना-तारे जास्त, आणि त्यातले जे स्वतः चलतारे निघतील ते वगळायला वाव. निवडताना नियम असा की संपृक्त न होणारे, लक्ष्याइतके किंवा थोडे अधिक तेजस्वी, शक्यतो लाल तारे घ्यावेत. शेवटची अट बहुतेक वेळा पूर्ण होत नाही, आणि पुढच्या अडचणींचे मूळ तिथेच आहे.

तारा रात्रभर त्याच काही पिक्सेलवर धरून ठेवावा लागतो. पिक्सेल-पिक्सेलच्या संवेदनशीलतेत फरक असतोच आणि फ्लॅटने (एकसारख्या उजेडाच्या चौकटीने केलेल्या दुरुस्तीने) तो पूर्ण जात नाही. जर्मन विषुववृत्तीय बैठकीवर आणखी एक गोष्ट घडते: तारा मध्यमंडल (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो तेव्हा दुर्बीण उलटते आणि तारा सीसीडीच्या दुसऱ्याच भागावर येतो. प्रकाशवक्रात (वेळेनुसार दीप्तीच्या आलेखात) तिथे पायरी दिसते. ही पायरी प्रतिमानात स्वतंत्र चल म्हणून घालावी लागते. ती ‘डोळ्यांनी जुळवून’ टाकली आणि नेमके त्याच वेळी अधिक्रमण सुरू होत असेल, तर ग्रह पायरीत विरघळतो.

गोंगाटाचा अंदाज घेऊ. समजा मिनिटाला एक बिंदू मिळतो आणि प्रत्येकाचा विखुरलेपणा ०.३ टक्के आहे. ‘बी’चे अधिक्रमण ३६ मिनिटांचे. साधारण ३० बिंदूंच्या सरासरीत विखुरलेपणा ०.०५५ टक्क्यांवर येतो आणि ०.७२ टक्के घट तेरा पटींनी उठून दिसते. पण हा हिशेब प्रत्येक बिंदू दुसऱ्यापासून स्वतंत्र असेल तरच खरा. अर्ध्या-एक तासाच्या गतीने बदलणारा ०.१ टक्क्याचा सहसंबंधित गोंगाट मिसळला की तेरा पटींचे सहा पट होतात. ‘एच’सारख्या ०.३५ टक्के घटीसाठी तर एकच अधिक्रमण पुरावा म्हणून लंगडे पडते.

बाष्प: खोटे ग्रह तयार करणारा कारखाना

जमिनीवरून अतिथंड तारे पाहताना सर्वांत त्रासदायक शत्रू वातावरणातले पाण्याचे बाष्प. ७२०, ८२० आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपास बाष्पाचे शोषणपट्टे आहेत आणि आय+झेड फिल्टर त्यातल्या शेवटच्या दोहोंवरूनच जातो. लक्ष्य तारा आपला बहुतांश प्रकाश या पट्ट्याच्या लांब तरंगलांबीच्या टोकाला देतो, तुलना-तारे आखूड टोकाला. माथ्यावरचे बाष्प वाढले की लक्ष्याचा प्रकाश तुलना-ताऱ्यांपेक्षा जास्त घटतो आणि भागाकार करूनही तो फरक जात नाही. बाष्प तासाभरात वर-खाली झाले तर प्रकाशवक्रात ग्रहाच्या घटीशी स्पर्धा करणारा खड्डा पडतो. ढग नसतात, आकाश निरभ्र दिसते, तुलना-तारे एकमेकांशी व्यवस्थित जुळतात, आणि तरीही खड्डा.

ओळखण्याची खूण अशी: खऱ्या अधिक्रमणाच्या कडा तीव्र असतात. ‘बी’ ग्रह ताऱ्याच्या कडेवरून आत सरकायला तीनेक मिनिटे घेतो. बाष्पाचा खड्डा सहसा उतरता-चढता, कडा नसलेला असतो. पण गोंगाट ०.३ टक्के असताना कडा दिसेलच याचा भरवसा नाही. म्हणून चिलीतल्या पारानाल वेधशाळेत मायक्रोवेव्ह रेडिओमीटर बाष्प सतत मोजतो आणि अतिथंड ताऱ्यांभोवती ग्रह शोधणाऱ्या तिथल्या स्पेक्युलूस प्रकल्पाच्या एक मीटरच्या चार दुर्बिणी ते आकडे घेऊन दुरुस्ती करतात. पुढचा उपाय अधिक मुळाशी जाणारा: इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा संवेदक वापरून ०.८१ ते १.३३ मायक्रॉनचा असा फिल्टर बनवायचा, की बाष्पाचा परिणाम लक्ष्यावर आणि तुलना-ताऱ्यांवर जवळपास सारखाच होईल. दुरुस्तीपेक्षा हा मार्ग चांगला, कारण दुरुस्तीला तिची स्वतःची त्रुटी असते.

बाकीच्या अडचणी थोडक्यात. पातळ, मागून प्रकाशित सीसीडीत वातावरणाच्या हायड्रॉक्सिल चकाकीमुळे पट्ट्यापट्ट्यांची नक्षी उठते. खोल-रिक्तीकरणाचे सीसीडी घेतल्यास ती बरीच कमी होते. ताऱ्यावरच्या ज्वाळा (केप्लर यानाच्या के२ मोहिमेच्या सुमारे ८० दिवसांच्या नोंदीत ४२ आढळल्या) अधिक्रमणाच्या मध्यावर आल्या तर घट उथळ भासते. ताऱ्याच्या ३.३ दिवसांच्या परिवलनाने डाग समोर येतात-जातात, पण तो बदल सावकाश असल्याने ३६ मिनिटांच्या घटीपासून वेगळा काढता येतो.

१.५१ दिवसांचा खोडसाळपणा

‘बी’चा प्रदक्षिणाकाळ १.५१०९ दिवस. दोन प्रदक्षिणांना ३.०२२ दिवस लागतात. म्हणजे एकाच ठिकाणाहून पाहणाऱ्याला दर तिसऱ्या रात्री, जवळजवळ त्याच वेळी, फक्त ३१ मिनिटे उशिरा अधिक्रमण दिसते. मधले एक दिवसा पडते. रात्रीची उपयुक्त खिडकी आठ तासांची धरली तर दीडेक महिना घट दर तीन दिवसांनी मिळत राहते, नंतर सुमारे तीन आठवडे काहीच नाही, आणि मग दिवसा पडणारी मालिका सरकत रात्रीत येते. पहिल्या दीडेक महिन्यातल्या, नुसत्या एका वेधशाळेच्या नोंदींवरून ३.०२ दिवसांचा काळ काढला तरी तो सगळ्या बिंदूंशी जुळला असता. अर्धा काळ की पूर्ण, हे लवकर ठरवायला दुसरे रेखांश लागतात.

म्हणून पुढच्या निरीक्षणांत हवाईतल्या मौना केआवरची ३.८ मीटरची युनायटेड किंग्डम इन्फ्रारेड टेलिस्कोप, पारानालची ८ मीटर व्हीएलटी आणि लडाखमधल्या हान्ले इथली २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण यांचा उपयोग झाला. मोठा आरसा हा त्यातला एक फायदा. वेगळ्या रेखांशावरची रात्र हा दुसरा, आणि माझ्या मते काळ पक्का करण्याच्या कामात तोच मोठा.

ग्रहच कशावरून

मागे दडलेला ग्रहणकारी जोडतारा आपल्या लक्ष्याच्या प्रतिमेत मिसळला तर अशीच घट दिसू शकते. इथे ताऱ्याची स्वतःची चाल कामी आली. ट्रॅपिस्ट-१ आकाशात वर्षाला एक कोनीय सेकंदाहून थोडा जास्त सरकतो. १९५३ च्या पालोमार छायापट्टीवर तो आजच्या जागेपासून मिनिटभराहून जास्त कोनीय अंतरावर आहे. त्यामुळे आजच्या जागेवर तेव्हा काय होते ते थेट पाहता येते, आणि तिथे संशय घ्यावा असा तारा नाही. जवळच्या अतिथंड ताऱ्यांसाठी ही तपासणी फुकट मिळते. ती सोडू नये. जोडीला, वेगवेगळ्या तरंगलांबींत घट सारखीच असायला हवी. वेगळ्या रंगाचा जोडतारा असता तर आय+झेड आणि ‘जे’ पट्ट्यांत खोली वेगळी आली असती.

जो ग्रह नव्हता

२०१६ च्या निबंधातला तिसरा ग्रह दोन अधिक्रमणांवर उभा होता. दोन घटनांमधले अंतर माहीत असले तर काळ त्या अंतराइतका, किंवा त्याचा अर्धा, तिसरा, चौथा भाग असू शकतो, जोवर मधल्या एखाद्या निरीक्षणाने तो पर्याय बाद होत नाही. अशा छाननीनंतर अकरा पर्याय उरले होते. गृहीतक एकच होते आणि ते नैसर्गिक होते: सारख्या खोलीच्या दोन घटी म्हणजे एकच ग्रह.

गृहीतक तिथेच मोडले. या व्यवस्थेत सुमारे ०.७५ ते १.१३ पृथ्वी-त्रिज्येचे इतके ग्रह आहेत की नुसती खोली पाहून कोण कोणाचा हे सांगता येत नाही. शिवाय ते एकमेकांवर पडतात. ११ डिसेंबर २०१५ च्या रात्री व्हीएलटीच्या हॉक-आय उपकरणाने घेतलेला प्रकाशवक्र पुन्हा तपासला तेव्हा त्यात सी, ई आणि एफ या तीन ग्रहांची अधिक्रमणे जवळजवळ एकाच वेळी झाल्याचे निघाले. एखादी घट अपेक्षेपेक्षा लांब, पायऱ्यापायऱ्यांची किंवा असममित दिसली तर तिला ‘खराब रात्र’ म्हणून बाजूला टाकण्याचा मोह होतो. अनेक ग्रहांच्या व्यवस्थेत नेमकी अशी घटच सगळ्यांत जास्त माहिती देते. मात्र त्यासाठी ती व्हीएलटीच्या दर्जाची हवी. ६० सेंटीमीटरच्या दुर्बिणीत तीच घट नुसती ओबडधोबड दिसली असती.

खरा तोडगा स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने दिला. आरसा ८५ सेंटीमीटरचाच, पण ती पृथ्वीमागून सूर्याभोवती फिरत असल्याने तिला रात्र-दिवस नव्हते, आणि ४.५ मायक्रॉनला बाष्पाचाही प्रश्न नाही. सप्टेंबर २०१६ पासून जवळजवळ २० दिवस तिने सलग याच ताऱ्याकडे पाहिले. त्या नोंदीत ३४ अधिक्रमणे स्वच्छ मिळाली. डी (४.०५ दिवस), ई (६.१०), एफ (९.२१) आणि जी (१२.३५) वेगळे झाले, आणि एकदाच दिसलेली एक घट उरली: ‘एच’. मोरोक्को, ला पाल्मा, दक्षिण आफ्रिका आणि हवाईतल्या दुर्बिणींनी त्या वर्षीच्या नोंदींत भर घातली.

२० दिवसांत १२.३५ दिवसांच्या ग्रहाची एक किंवा दोन अधिक्रमणे मिळतात. म्हणजे हा कालावधी ‘जी’ला जेमतेम पुरला. तो दहा दिवसांचा असता तर एफ आणि जी दोघांचेही प्रदक्षिणाकाळ पुन्हा अंदाजावर राहिले असते.

‘एच’चा काळ: आधी कागदावर, मग आकाशात

एका घटीवरून काळ ठरत नाही. घट किती वेळ टिकली (७६ मिनिटे) त्यावरून १४ ते ३५ दिवस एवढाच पल्ला मिळाला. पण आतले सहा ग्रह लागोपाठच्या तिघांत एका साखळीने बांधलेले होते: काळांच्या व्यस्तांचा ठरावीक पूर्णांकांनी केलेला योग जवळजवळ शून्य येतो. एफ, जी आणि एच यांच्यासाठी सर्वांत सोपा संबंध असा (पी म्हणजे प्रदक्षिणाकाळ):

१/पी(एफ) − २/पी(जी) + १/पी(एच) ≈ ०

आकडे घालून पाहा. १/९.२०७५ = ०.१०८६०७. २/१२.३५२४ = ०.१६१९१२. फरक ०.०५३३०५, त्याचा व्यस्त सुमारे १८.७६ दिवस. वेगळे पूर्णांक घेतले की वेगळे काळ येतात. त्यातले बाकीचे पर्याय हाती असलेल्या नोंदींनीच बाद केले, कारण त्या काळांना ज्या वेळी अधिक्रमण व्हायला हवे होते तेव्हा कोणीतरी पाहत होते आणि घट नव्हती. ‘काहीच दिसले नाही’ अशा रात्रींच्या नोंदी जपून ठेवण्याचे याहून चांगले कारण नाही.

केप्लर यानाची के२ मोहीम १५ डिसेंबर २०१६ ते ४ मार्च २०१७ या काळात याच ताऱ्याकडे पाहत होती. यानाची दिशा दर सहा तासांनी सावरावी लागत असल्याने नोंदीत करवतीच्या दातांसारखे चढउतार होते. ते काढल्यावर ‘एच’ची चार अधिक्रमणे मिळाली, काळ १८.७७ दिवस. भाकीत आधी, शोध नंतर.

वजन करण्यासाठी घड्याळ

साखळीतले ग्रह एकमेकांना ओढतात, म्हणून अधिक्रमणे ठरल्या वेळेपेक्षा काही सेकंदांपासून अर्ध्या तासाहून अधिक पुढेमागे होतात. या वेळफरकातूनच वस्तुमाने निघाली. २०२१ च्या विश्लेषणात ती ३ ते ५ टक्के अचूकतेपर्यंत आली: ‘बी’ १.३७ पृथ्वी, ‘ई’ ०.६९, ‘एच’ ०.३३.

इथे वेळेची नोंद चुकली तर सगळे चुकते. पृथ्वीच्या कक्षेमुळे ताऱ्याचा प्रकाश वर्षभरात ८.३ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोहोचतो, म्हणून वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेलेली हवी. शिवाय घड्याळ यूटीसीचे (नेहमीची जागतिक वेळ) की टीडीबीचे (गुरुत्वमध्याची एकसमान वेळ) हे प्रत्येक नोंदीवर लिहिलेले हवे. २०१७ पासून या दोघांत ६९.१८४ सेकंदांचा फरक आहे, त्याआधी जुलै २०१५ पासून तो ६८.१८४ होता. वेगवेगळ्या दुर्बिणींच्या नोंदी एकत्र करताना एका गटात यूटीसी आणि दुसऱ्यात टीडीबी राहिले, तर मिनिटभराचा खोटा वेळफरक तयार होतो आणि तो गुमान एखाद्या ग्रहाच्या वस्तुमानात जाऊन बसतो. एक्सपोजरची सुरुवात नोंदली की मध्य, हाही तसाच प्रश्न: ५५ सेकंदांच्या एक्सपोजरला साडेसत्तावीस सेकंदांची चूक.

एका ताऱ्यावर किती काळ थांबायचे

पृथ्वीला सूर्याकडून मिळते तेवढी ऊर्जा या ताऱ्याभोवती ०.०२३५ खगोलीय एककावर मिळते आणि तिथला प्रदक्षिणाकाळ ४.४ दिवस, म्हणजे १०५ तास येतो. एकही तास पुनरुक्त न होता निरीक्षण झाले तरी अशा ग्रहाचे एक अधिक्रमण खात्रीने पकडायला १०५ तास लागतात. प्रत्यक्षात पुनरुक्ती होतेच, शिवाय काळ ठरवायला दुसरे आणि पडताळायला तिसरे अधिक्रमण हवे. २४५ तासांत ट्रॅपिस्टला बी आणि सी पक्के मिळाले, त्यापलीकडचे नाही, हे या हिशेबाला धरूनच आहे. स्पेक्युलूसने २०२४ मध्ये जाहीर केलेला स्पेक्युलूस-३ बी (एम६.५ तारा, ५५ प्रकाशवर्षे) १७ तासांत एक फेरी मारतो. असे अतिजवळचे ग्रह आधी सापडणे ही पद्धतीची निवड आहे. त्यावरून दूरचे ग्रह विरळ आहेत असे ठरत नाही.

ग्रह सापडल्यावर तारा पुन्हा आडवा येतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने ‘बी’च्या अधिक्रमणाचा वर्णपट घेतला तेव्हा त्यात ताऱ्यावरच्या डागांचा आणि उजळ भागांचाच ठसा प्रबळ निघाला. दुसरीकडे १५ मायक्रॉनला ‘बी’च्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे ५०० केल्विन आले, जे वातावरण नसलेल्या खडकाला शोभते. म्हणून आता ‘ई’चे वातावरण शोधताना बी आणि ई यांची अधिक्रमणे लागोपाठ येतील अशा वेळा निवडतात. ‘बी’च्या वर्णपटात जे काही दिसेल ते ताऱ्याचे असे धरून ते ‘ई’मधून वजा करायचे. दोन अधिक्रमणांमधल्या काही तासांत तारा फारसा बदलला नाही तरच ही वजाबाकी खरी ठरते. मध्ये ज्वाळा उठली तर त्या जोडीची नोंद वेगळी हाताळावी लागते.